चव्वेचाळीस टनांचा हिशेब

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडील ग्रामीण भागात ‘आर्केड अँड ॲटिका’ नावाची चिमुकली रेल्वे आहे. १९१७ साली ती बंद पडू नये म्हणून गावकऱ्यांनीच पैसे उभारून विकत घेतली. १९४१ मध्ये तिच्या रुळांवर जनरल इलेक्ट्रिकचे ४४ टनी डिझेल इंजिन आले. वजन नेमके ४४ टनच का? १९३७ च्या कामगार-करारानुसार ९०,००० पौंडांवरील इंजिनावर चालकाबरोबर फायरमनही ठेवावा लागे. ४४ अमेरिकन टन म्हणजे ८८,००० पौंड. एक पगार वाचला! १९५७ मध्ये पुराने ॲटिकाकडचा मार्ग तुटला, तो कायमचाच. उरलेल्या मार्गावर मालवाहतूक चालू राहिली, आणि १९६२ पासून हौशी प्रवाशांसाठी वाफेचे इंजिनही धावू लागले. अंथरूण पाहून पाय पसरले, म्हणूनच ही रेल्वे तगली.