संयुक्त अधिकरण : कमरेचे पिस्तूल आणि हातातील पेला

अमेरिकेतील टेक्सास राज्यात काही उपाहारगृहांच्या दारावर तांबड्या ठळक आकड्यांत ‘५१%’ अशी पाटी लावलेली असते. नवख्या माणसाला ती एखाद्या सवलतीची जाहिरात वाटावी. अर्थ मात्र वेगळा आहे. ज्या ठिकाणाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न तेथेच बसून प्यायल्या जाणाऱ्या मद्यातून येते, त्या ठिकाणी बंदूक वा पिस्तूल घेऊन प्रवेश करणे हा गुन्हा आहे, असे ती पाटी सांगते. शेजारच्याच दुसऱ्या उपाहारगृहात जेवणाचे उत्पन्न अधिक असेल, तर तेथे ही पाटी नसते. कोटाखाली पिस्तूल दडवलेला मनुष्य तेथे सुखाने बसू शकतो आणि समोर मद्याचा पेलाही मागवू शकतो. तो शुद्धीत आहे तोवर कायदा त्याला अडवीत नाही. दोन दारांमधील हा फरक हिशेबाच्या वहीने ठरवला आहे. त्या मनुष्याच्या विवेकाविषयी ती वही काही सांगत नाही.

हा प्रश्न आपल्या घरांपासून फार दूरचा आहे, असे मानण्याचे दिवस आता राहिले नाहीत. न्यू जर्सीतील ओक ट्री रोडवर भारतीय सराफांच्या पेढ्या आहेत. न्यूयॉर्कच्या हिरे बाजारात आपले व्यापारी कैक वर्षे आहेत. २०२२ पर्यंत या दोन्ही राज्यांत दडवून शस्त्र बाळगण्याचा परवाना मिळणे सामान्य दुकानदाराला जवळजवळ अशक्य होते, कारण अर्जदाराला आपली विशेष गरज सिद्ध करावी लागे. त्या वर्षीच्या २३ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ही अट घटनाबाह्य ठरवली आणि न्यू जर्सीलाही ती सोडावी लागली. ज्याच्या गल्ल्यात दिवसभर सोने असते, अशा माणसाला परवान्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. भारतातही सराफ, पेट्रोलपंपचालक, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी यांच्यापैकी काहींकडे परवान्याची रिव्हॉल्व्हर असते. शस्त्र बाळगावे की नाही हा स्वतंत्र वाद आहे. ते अंगावर असताना मद्य घ्यावे काय, हा प्रश्न त्याहून लहान दिसतो. पण घराघरांत त्याचीच चर्चा कमी होते.

अमेरिकेतील राज्ये या बाबतीत एकमत नाहीत. व्हर्जिनियाने २०१० मध्ये परवानाधारकाला मद्य मिळणाऱ्या उपाहारगृहात दडवलेले पिस्तूल नेण्याची मोकळीक दिली. मात्र तेथे बसून एक घोटही घ्यायचा नाही, अशी अट घातली. मिशिगनने रक्ताचे मोजमाप स्वीकारले. दडवलेले पिस्तूल जवळ असताना रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०२ टक्के झाले, की तेथे कायद्याचा भंग होतो. त्याच राज्यात मोटार चालवणाऱ्यासाठी हीच मर्यादा ०.०८ टक्के आहे, तर आपल्याकडे वाहनचालकासाठी ती शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मिशिगनच्या विधिमंडळाने पिस्तुलाला मोटारीच्या चौपट कडक माप लावले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे परवाना स्वीकारणे म्हणजेच तपासणीला आगाऊ संमती देणे होय. पिस्तूल मोटारीच्या कुलूपबंद डिकीत ठेवलेले असेल, तर मात्र त्या मनुष्यावर दोष येत नाही. टेक्सासने मद्यप्राशनाला नव्हे, नशेला गुन्हा मानले आहे. अलीकडे निम्म्याहून अधिक राज्यांनी परवान्याचीच अट काढून टाकली असल्यामुळे यातील बराचसा भार शेवटी शस्त्रधारकाच्या मनावरच येऊन पडला आहे.

जुन्या पिढीने पाहिलेल्या ‘काऊबॉय’ चित्रपटांमुळे असा समज पसरला आहे, की पश्चिम अमेरिकेच्या सरहद्दीवर प्रत्येक जण कमरेला पिस्तूल लावून दारूच्या गुत्त्यात बसत असे. प्रत्यक्षात त्या काळच्या अनेक गावांनी नेमकी हीच गोष्ट बंद केली होती. ॲरिझोनातील टूम्बस्टोन हे चांदीच्या खाणींमुळे रातोरात फुगलेले गाव. १८८१ च्या एप्रिलमध्ये तेथील नगरपालिकेने नववा अध्यादेश काढला. त्यानुसार गावात शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई झाली आणि बाहेरून येणाऱ्याने आपली हत्यारे येताक्षणी उतरवून ठेवावीत असे ठरले. गुत्ते तसेच राहिले, पत्त्यांचे डाव तसेच राहिले. फक्त पिस्तूल आणि पेला यांची गाठ पडू नये एवढीच खबरदारी त्या रांगड्या माणसांनी घेतली होती.

त्या वर्षीच्या २५ ऑक्टोबरच्या रात्री आइक क्लॅन्टन नावाचा गुरांचा धंदा करणारा मनुष्य तेथे आला. एका जुन्या संशयावरून त्याची डॉक हॉलिडे या जुगाऱ्याशी शिवीगाळ झाली. पुढे तो रात्रभर पत्ते खेळत आणि पीत बसला. त्या डावात गावचा मार्शल व्हर्जिल अर्पदेखील होता. पहाट झाली तरी आइक झोपला नाही. हत्यारे घेऊन तो रस्त्यावर धमक्या देत हिंडू लागला. व्हर्जिलने मागून येऊन त्याच्या डोक्यावर पिस्तुलाचा प्रहार केला, त्याची शस्त्रे काढून घेतली आणि त्याला न्यायाधीशासमोर उभे केले. २५ डॉलर दंड व खर्च भरून तो सुटला. दुपारी त्याचा भाऊ बिली व मॅक्लॉरी बंधू गावातील एका मोकळ्या जागेजवळ उभे असल्याचे कळले. त्यांना निःशस्त्र करण्यासाठी व्हर्जिल आपले दोन भाऊ आणि हॉलिडे यांच्यासह निघाला. त्यानंतर अवघ्या अर्ध्या मिनिटात सुमारे तीस गोळ्या सुटल्या. बिली क्लॅन्टन, टॉम मॅक्लॉरी आणि फ्रँक मॅक्लॉरी असे तिघे मृत्यू पावले. बिलीचे वय १९ होते. ज्याच्या रात्रभराच्या नशेतून हे प्रकरण वाढले, तो आइक त्या वेळी निःशस्त्र होता. तो पळून गेला आणि वाचला. प्रथम गोळी कोणी झाडली यावर आजही वाद घातले जातात. त्या आदल्या रात्रीविषयी मात्र फारसा वाद नाही. याच ॲरिझोनाने २००९ मध्ये परवानाधारकांना मद्यगृहात पिस्तूल नेण्यास मुभा दिली आणि तेथे मद्य न पिण्याची अट ठेवली; सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शहाणपणाचा अर्धा भाग तरी टिकला असे म्हणावे लागेल.

उलट बाजूचे म्हणणे ऐकून न घेता निकाल देणे योग्य नव्हे. तेथील कित्येक सरळमार्गी परवानाधारक म्हणतात, की जेवणाबरोबर एक पेला घेणारा प्रौढ मनुष्य काही बेभान होत नाही. मोटार चालवण्याइतका तो शुद्धीत असेल, तर पिस्तूल बाळगण्याइतका का नसावा? शिवाय पिस्तूल काढून मोटारीत ठेवले तर ते चोरीला जाण्याची भीती असते. मद्यगृहाबाहेरच्या अंधाऱ्या वाहनतळावरच तर लूटमार होते. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. मोटारीतून चोरलेले पिस्तूल गुन्हेगाराच्या हातात जाते, हे खरे आहे.

तरीही मोटारीची तुलना टिकत नाही. प्यालेला मनुष्य मोटार घरी ठेवून दुसऱ्याच्या गाडीने परत येऊ शकतो. निर्णय एकदाच आणि शांतपणे घेता येतो. पिस्तूल ज्या क्षणासाठी बाळगलेले असते, तो क्षण वेळ सांगून येत नाही. अंधारात समोर आलेला मनुष्य लुटारू आहे की वाट चुकलेला तरुण, त्याच्या हातात सुरा आहे की मोबाइल, त्याच्या मागे कोणाचे मूल उभे आहे काय, आपल्याला मागे सरकायला वाट आहे काय, हे सारे दोन-तीन श्वासांत ठरवावे लागते. मद्य सर्वांत आधी याच शक्तीवर घाला घालते. हात थरथरण्याच्या पुष्कळ आधी तारतम्य सैल होते आणि आत्मविश्वास मात्र वाढतो. ‘मला काही झालेले नाही’ हा निर्वाळा ज्या बुद्धीने द्यायचा, तीच बुद्धी तोवर साक्षीला अपात्र झालेली असते. शस्त्र शिकवणारे पहिल्या दिवसापासून चार गोष्टी घोकून घेतात: प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नये, नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, आणि लक्ष्य व त्यामागचे काय हे ओळखावे. या चारही गोष्टी सावधानतेच्याच आहेत.

येथे जैन वाचकाला एक ओळखीचा शब्द आठवेल: प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आचार्य उमास्वातींनी प्राणघाताच्या आधी प्रमत्त योग सांगितला आहे. पुरुषार्थसिद्ध्युपायात आचार्य अमृतचंद्रांनी हाच विचार पुढे नेला आहे: जीव मरो वा न मरो, प्रमादी मनुष्याकडून हिंसा घडलेलीच असते, आणि मद्य मनाला मोहित करते, मोहित मन धर्म विसरते. या दृष्टीने पाहता गोळी सुटली नाही म्हणून ती संध्याकाळ निर्दोष ठरत नाही.

गृहस्थाला शस्त्र सर्वथा वर्ज्य आहे काय, याविषयी परंपरेत विचार झालेला आहे. संकल्पी हिंसा श्रावकाने सोडावीच. पण स्वतःचे, कुटुंबाचे, राज्याचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे आचार्यांनी मान्य केले. पेढीत शस्त्र ठेवणारा सराफ याच आधारावर उभा असतो. हा आधार अरुंद आहे. त्यात राग बसत नाही, दिखावा बसत नाही आणि नशा तर मुळीच बसत नाही. रक्षणाच्या नावाने घेतलेल्या शस्त्राबरोबर मद्य आले, की रक्षणाचा आधारच निघून जातो.

अनर्थदंडविरमण व्रताच्या अतिचारांत एक शब्द येतो, ‘संयुक्ताधिकरण’. हिंसेची साधने जोडून, वापरायला सज्ज अशी ठेवणे हा तो दोष. त्याची जुनी उदाहरणे घरगुती आहेत: उखळाजवळ मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण. सुटे असेपर्यंत त्या वस्तू वस्तूच असतात. जोडल्या, की येणारा-जाणारा कोणीही त्या उचलून वापरू शकतो. या व्रताचे अतिचार प्रतिक्रमणात नित्य आठवले जातात, पण फाळ आणि मुसळ घरातून गेल्यामुळे या शब्दावर मन थांबत नाही. आज त्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर भरलेले पिस्तूल आणि भरलेला पेला एकाच टेबलावर ठेवून पाहावेत. साधूंसाठी सांगितलेली आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना बाळगायची जयणा, गृहस्थाच्या तिजोरीपुरती तरी उपयोगी पडावी.

आपल्याकडील प्रसंग बहुधा निराळा असतो. वाहनतळावरच्या लुटारूपेक्षा लग्नाची वरात, लॉनवरचा स्वागतसमारंभ, व्यापारी मित्रांची रात्रीची बैठक येथे धोका अधिक. उत्तर भारतात वरातीत आनंदाने बार काढण्याच्या प्रथेत नवरदेव, वऱ्हाडी, नाचणाऱ्या मुली यांचे प्राण गेल्याच्या बातम्या येत राहतात. म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात कलम २५ (९) आले: बेदरकारपणे अथवा समारंभात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराने मादक पदार्थांच्या आहारी नसल्याचा उल्लेख असलेले वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र मिरवण्यास मनाई आहे. ‘त्या वेळी मला भान नव्हते’ हा बचावही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २४ नुसार स्वखुशीने नशा केलेल्या माणसाला शुद्धीतील माणसाइतकीच जाणीव होती असे धरले जाते. स्वसंरक्षणाचा अधिकारही आवश्यकतेहून अधिक इजा करण्यापर्यंत जात नाही.

महाराष्ट्रात तर एक गंमत आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे येथे मद्य पिण्यासाठीही परवाना लागतो. म्हणजे शस्त्राचा कागद आणि मद्याचा कागद एकाच माणसाच्या पाकिटात शेजारी असू शकतात. सप्तव्यसनांत मद्य असताना दुसरा कागद जैन घरात येतोच कसा, असे कोणी विचारील. येतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते ठाऊकही असते. धंद्यातील ओळखी टिकवण्यासाठी म्हणून तरुण एखादा पेला हातात धरतो आणि घर त्याकडे काणाडोळा करते. या काणाडोळ्यामुळेच कमरेच्या रिव्हॉल्व्हरविषयी विचारणे राहून जाते, कारण ते विचारायचे तर पेल्याविषयी आधी बोलावे लागते.

ते बोलणे लांबवून चालणार नाही. ज्या घरात परवान्याचे शस्त्र आहे, त्या घराने समारंभाच्या दिवशी ते पेढीच्या तिजोरीत रिकामे करून ठेवावे, काडतुसे वेगळ्या कप्प्यात, आणि किल्ली कधीही मद्य न घेणाऱ्या व्यक्तीकडे. ती आई असो, सून असो वा मुनीम. रोकड न्यायची असेल तर नेणाऱ्याने त्या रात्री बैठकीला जाऊच नये. परदेशी असलेल्या मुलाला फोनवर तब्येत विचारताना हेही विचारावे, की पिस्तूल घेतलेस काय, आणि जेवायला बाहेर जातोस तेव्हा ते कोठे असते. आपल्याकडे परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज भरायला घरातील चार माणसे एकत्र बसतात, तेव्हा त्यांनी ते शस्त्र अजून लागते काय, हेही एकदा मोकळेपणाने विचारून पाहावे. काही पेढ्यांवर त्याचे उत्तर ‘नाही’ असे येईल, आणि मग ते रीतसर परत करता येते.