जादा दात आणि घराणं

वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये चिमुकला टोकदार दात कुणाच्या तोंडात पाहिलाय? तो मेसिओडेन्स. जादा दातांमध्ये हाच सर्वाधिक आढळतो, तोही मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. (प्रत्येक ‘दातावर दात’ जादा नसतो हं, बऱ्याचदा तो न पडलेला दुधाचा दात असतो.)

जादा दात एकाच घरात अनेकांना असू शकतात. क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया या आनुवंशिक विकारात तर खांद्याला छातीशी जोडणारी हाडं अपुरी वाढतात आणि जबड्यात जादा दातांची गर्दी होते.

खरी पंचाईत दडून बसलेल्या दातांची. ते पक्क्या दातांची वाट अडवतात. त्रास नसेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. नाहीतर दात काढतात, गरजेनुसार तारा लावतात.

घरात कुणाला जादा दात असेल आणि मुलाचा पुढचा पक्का दात लांबला, तर एक्स-रे काढून घ्याच.