नष्टार्तव : प्रवर्तनापूर्वी पोषणाचा विचार

आर्तवदर्शन थांबलेली तरुणी चिकित्सालयात येते, तेव्हा बहुधा तिने औषधालयातून चिठ्ठीविना रजःप्रवर्तनी वटी घेतलेली असते. ज्या रजाचे प्रवर्तन करावयाचे, ते मुळात निर्माण होत आहे काय, हा प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नसतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा ऊहापोह करीत आहोत.

नवी मुंबईत व्यवसाय करताना या तक्रारीच्या दोन प्रकारच्या रुग्णा आमच्या पाहण्यात येतात. पहिली संतर्पणजन्य. महापे-ऐरोलीच्या कार्यालयांतील बैठे काम, रात्रपाळी, दिवास्वाप, वाढता मेद. येथे दोषांनी मार्ग आवृत झाल्याने आर्तव नष्ट होते, हे सुश्रुताचार्यांचे शारीरस्थानातील विवेचन तंतोतंत लागू पडते. पीसीओएस असलेल्या स्थूल रुग्णेचे वजन 5 ते 10 टक्के घटले, तरी अनेकदा चक्र पूर्ववत होऊ लागते.

दुसरी रुग्णा याच्या अगदी उलट. सकाळी चहावर पनवेलहून लोकल गाठावयाची, दुपारी डब्यात काकडी-टोमॅटो, सायंकाळी जिम आणि रात्री भात-पोळी वर्ज्य. रज हा रसाचा उपधातू. आहारच नसेल तर रस कोठून आणि रज तरी कोठून? आधुनिक शास्त्र हेच वेगळ्या भाषेत सांगते. शरीरास ऊर्जा अपुरी पडली की मेंदूतील हायपोथॅलॅमस बीजग्रंथींना जाणारे संकेत मंदावतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या लाउक्स व थुमा यांच्या प्रयोगात, व्यायामाचा खर्च वजा जाता मेदविरहित वजनाच्या दर किलोस रोज 30 कॅलरींहून कमी ऊर्जा उरल्यास एलएचचे स्पंदन बिघडते, असे आढळले. मेदविरहित वजन 40 किलो असलेली स्त्री 1500 कॅलरी घेऊन 400 व्यायामात खर्च करीत असेल, तर ती या मर्यादेखालीच आहे.

धोका असा की, अशा कृश रुग्णेच्या सोनोग्राफीतही बीजग्रंथींत अनेक लहान कोश दिसू शकतात. तेवढ्यावरून पीसीओएसचे निदान होते व 'वजन कमी करा' असा सल्ला मिळतो. उपाशी रुग्णेस लंघन सांगण्यासारखेच हे आहे. इस्ट्रोजेन दीर्घकाळ अल्प राहिल्यास अस्थी क्षीण होतात. ती हानी पुढे पूर्णतः भरून येईलच असे नाही.

परीक्षण

प्रथम गर्भधारणा नाही याची खात्री करावी. नंतर टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच व इस्ट्रॅडिऑल तपासावे. एन्डोक्राइन सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, तीन महिने पाळी नसल्यास वा चक्र सातत्याने 45 दिवसांहून लांबत असल्यास परीक्षण करावे. सहा महिने उलटल्यास अस्थिघनताही पाहावी. आहाराचा आठवड्याचा तक्ता लिहून घ्यावा. जेवून मुद्दाम वमन करणे वा वजनवाढीची तीव्र भीती आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

उपक्रम

आर्तवक्षयात सुश्रुताचार्यांनी संशोधन व आग्नेय द्रव्ये सांगितली आहेत, हे खरे. परंतु बल पाहूनच त्यांची योजना करावयाची असते. अतिकृशास व्यायाम सहन होत नाही, त्यास निद्रा, मनःस्वास्थ्य, दूध, तूप व नवान्न हितकर, हे चरकाचार्यांचे अष्टौनिंदितीय अध्यायातील मार्गदर्शन येथे प्रमाण मानावे. प्रथम अग्नी सांभाळावा, मग आहार हळूहळू वाढवावा. तीन वेळचे जेवण नियमित असावे. नष्टार्तवात सांगितलेले मासे, तीळ, उडीद, कुळीथ हे तर आपल्या आगरी-कोळी घरांतील नित्याचे अन्न. कुळथाचे पिठले, उडदाचे घुटे, तिळाची चटणी सांगितली की रुग्णेस पथ्य परके वाटत नाही. धावणे व जिम काही काळ पुष्कळ कमी करावे आणि रात्रीची झोप पूर्ण घ्यावी. वजन वाढेल, हे तिला व घरच्यांना आधीच समजावून सांगावे. अन्यथा महिन्याभरात पथ्य सुटते.

फलप्राप्तीस काही महिने लागतात. पहिल्या आर्तवदर्शनापूर्वीच बीजोत्सर्ग होऊ शकतो, म्हणून गर्भधारणा नको असल्यास पाळी नसतानाही काळजी घेण्यास सांगावे. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा मासिक स्राव म्हणजे पूर्ववत झालेले चक्र नव्हे, हेही स्पष्ट करावे.

औषधालयचालकांना एक विनंती. कासीस, टंकण, हिंगू व कुमारीसार यांनी युक्त रजःप्रवर्तनी वटी उष्ण-तीक्ष्ण आहे. गर्भाची शंका असताना ती घातक ठरू शकते आणि रसक्षयात तिचा उपयोग नाही. मागणारीस 'किती महिने झाले आणि जेवता काय?' एवढे विचारून वैद्यांकडे पाठवावे. त्या दिवशी एक बाटली कमी खपेल. पण एखाद्या मुलीचे योग्य निदान वेळेवर होईल.