दोन समुद्रांवर बेतलेला पाऊस

महाराष्ट्राचा पाऊस दोन समुद्रांवर अवलंबून असतो. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि कोकण-घाटमाथ्यावर कोसळतात. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की हा पाऊस मुसळधार होतो. डोंगर ओलांडताच त्याच वाऱ्यांतली ओल सरते. महाबळेश्वरात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पायथ्याच्या वाईत त्याचा लहानसा हिस्सा, तो यामुळेच. मराठवाडा आणि विदर्भ मात्र बंगालच्या उपसागराकडे डोळे लावून बसतात. तिथे निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकली, तर पूर्वेकडून पाऊस येतो. ती उत्तरेकडेच वळली, तर पिके वाळतात. कोकणात धो धो आणि बीडमध्ये टँकर, हे चित्र एकाच आठवड्यात दिसू शकते.

2018 मध्ये पावसाने सप्टेंबरातच हात आखडता घेतला आणि राज्याला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. पुढच्या वर्षी जूनही तसाच गेला. अरबी समुद्रातील ‘वायू’ चक्रीवादळाने ओल आपल्याकडे खेचून घेतली आणि देशभरात जूनचा पाऊस सरासरीपेक्षा सुमारे 33 टक्के कमी पडला. तरीही 2019 चा हंगाम सरासरीच्या 110 टक्क्यांवर संपला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा अधिक तापलेला होता आणि ती स्थिती मोसमी पावसाला पोषक ठरली. ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरातील कमी दाबामुळे पश्चिमी वारे जोरात वाहू लागले, कृष्णा आणि पंचगंगा पात्राबाहेर आल्या, सांगली-कोल्हापूर पाण्यात गेले. वायव्य भारतातून परतीचा प्रवास सुरू व्हायला 9 ऑक्टोबर उजाडला. पाठोपाठ ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे अरबी समुद्रात उठली आणि काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजले.

यानंतर तीन वर्षे प्रशांत महासागरात ला निनाचा प्रभाव राहिला आणि देशात पाऊसमान चांगले होते. चांगले म्हणजे सौम्य नव्हे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला काकिनाड्याजवळ जमिनीवर आलेली वादळी प्रणाली विरून न जाता तेलंगणा ओलांडून सोलापूर, पंढरपूर आणि पुण्यावर बरसली. 2021 मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्यालगतून गुजरातकडे गेले, तर सप्टेंबरात ‘गुलाब’ने उलट वाट धरली: आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर येऊन ते मराठवाड्याला झोडपत अरबी समुद्रात उतरले आणि तिथे ‘शाहीन’ नावाने पुन्हा वादळ होऊन ओमानला पोहोचले. मधल्या जुलैत घाटमाथ्याने कहर केला. महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला, चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यातील तळीयेवर दरड कोसळली. अशा प्रत्येक पावसाला ‘ढगफुटी’ म्हणण्याची रीत पडली आहे. हवामानशास्त्रात मात्र तासाभरात एखाद्या लहान क्षेत्रावर सुमारे 100 मिलिमीटर पाऊस पडला, तरच तो शब्द लागू होतो. घाटावरचा पाऊस बहुधा तासन्‌तास चालतो.

2023 मध्ये एल निनो परतला. ‘बिपरजॉय’मुळे मोसमी वारे अडखळले आणि मुंबईत ते 25 जूनला, दिल्लीसोबतच पोहोचले. ऑगस्टमध्ये मोसमी पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकून तिथेच रेंगाळला. 1901 पासूनच्या नोंदींतला तो देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. राज्यात पुन्हा 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. 2024 ने ती तूट भरून काढली.

2025 ने पंचांग पार उलटे केले. मृग नक्षत्राला अजून अवकाश असताना, 26 मे रोजी मोसमी वारे मुंबईत दाखल झाले. इतके लवकर ते पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. मग पंधरवडाभर तिथेच थबकले, आणि मेच्या ओलीवर पेरणीची घाई करणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्रात, उपसागरातून एकामागून एक आलेल्या प्रणालींनी बीड, धाराशिव, सोलापूर आणि नांदेड या भागांना बुडवले. सीनाकाठच्या गावांत जिथे एरवी पाण्याची वाट पाहिली जाते, तिथे नदीने मातीसकट पिके नेली.

हंगामाची शेपटी लांबत चालल्याची दखल हवामान विभागाने 2020 मध्येच घेतली होती. सुधारित तारखांनुसार मुंबईत पाऊस येण्याचा दिवस 10 ऐवजी 11 जून झाला, म्हणजे जेमतेम एक दिवस पुढे गेला. परतीची तारीख मात्र 29 सप्टेंबरवरून थेट 8 ऑक्टोबरवर गेली.