'हेल्प' लिहिताय? आता एजंटही वाचतोय!

सबमिशन उद्यावर आलंय, प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतोय आणि तुम्ही एआय एजंटला कामाला लावलंय. तो नुसता सल्ला देत बसत नाही. स्वतः टर्मिनलमध्ये डीबगर सुरू करतो, एक कमांड देतो, आलेलं उत्तर वाचतो आणि त्यावरून पुढची कमांड ठरवतो. पण कुठली कमांड नेमकं काय करते, हे त्याला कोण सांगणार? ट्रेनिंगमध्ये वाचलेलं थोडंफार त्याच्याकडे असतं. खात्री करायची तर 'हेल्प' ही कमांड वापरायची. म्हणजे आपण कधी धड न वाचलेला तो मजकूर आता एजंट वाचतोय, आणि त्यावर विसंबून काम करतोय.

सी किंवा सी++ शिकताना भेटणारा जीडीबी घ्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६मध्ये लिहिलेला हा डीबगर आजही जोरात वापरात आहे. त्यात नुसतं 'हेल्प' टाकलं की कमांडचे गट दिसतात. 'हेल्प ब्रेकपॉइंट्स' टाकलं की त्या गटातल्या कमांडची यादी येते, प्रत्येकीसमोर एका ओळीत माहिती. नाव आठवत नसेल तर 'अप्रोपॉस' आणि पुढे एखादा शब्द टाकून शोधताही येतं. माणसासाठी ही सोय छान आहे. कारण काही कळलं नाही, तर आपण शेजारच्या बेंचवर विचारतो, सिनिअरला फोन लावतो. एजंटपुढे बऱ्याचदा ती एक ओळच असते.

आता गंमत बघा. 'प्रिंट' या कमांडची पहिली ओळ एवढंच सांगते, की ही कमांड दिलेल्या एक्स्प्रेशनची किंमत छापते. किती निरुपद्रवी वाटतं! पण समजा, मार्क्स ४० आहेत का हे बघायला तुम्ही 'प्रिंट मार्क्स = ४०' असं टाकलंत. सी शिकणाऱ्याला ही चूक नवीन नाही. दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच पडलं. जीडीबी मुकाट्यानं मार्क्समध्ये ४० भरतो आणि ४० छापतो. आधी तिथे ३५ असले, तरी तुम्हाला दिसणार ४०. एजंटनं हे केलं तर तो समाधानानं निष्कर्ष काढेल, की इथे सगळं ठीक आहे. म्हणजे पंचनामा करायला आलेल्यानंच पुरावा बदलला! मॅन्युअलमध्ये किंमत बदलण्याच्या प्रकरणात हे नीट लिहिलेलं आहे, पण गरज असते ती 'हेल्प'च्या त्या ओळीपाशी.

'डिलीट'चंही तसंच. नंबर न देता ही कमांड दिली, तर सगळे ब्रेकपॉइंट जातात. आपण समोर बसलेलो असताना जीडीबी आधी विचारून घेतो. पण बॅच मोडमध्ये चालवला तर विचारत नाही, आणि स्क्रिप्ट किंवा एजंटला हाच मोड सोयीचा पडतो. माणसासाठी असलेलं कुंपण एजंटच्या वाटेवर नसतंच.

मग एजंटसाठी 'हेल्प' लिहायची कशी? पहिल्या ओळीतच सांगा, की ही कमांड फक्त बघते की काही बदलतेही. काही न देता वापरली तर काय होतं, ते लिहा. एक चालणारं उदाहरण द्या आणि त्याचं खरं आउटपुटही दाखवा. चुकलं तर कुठला मेसेज येतो आणि मग काय करायचं, तेही सांगा. मात्र अख्खं मॅन्युअल ओतू नका. एजंटची एका वेळी वाचायची मर्यादा असते, आणि भाराभर मजकुरात कामाची ओळ हरवते.

हे मोठमोठ्या कंपन्यांचं काम आहे, असं समजू नका. जीडीबीमध्ये 'डिफाइन' वापरून तुम्ही स्वतःची कमांड बनवू शकता आणि 'डॉक्युमेंट' वापरून तिची हेल्प लिहू शकता. पहिली ओळ यादीत दिसते, म्हणून ती जपून लिहा. पायथॉनवाल्यांनो, तुमच्या फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगलाही हेच लागू आहे. लिहून झालं की परीक्षा घ्या. एजंटला नवीन चॅटमध्ये फक्त तेवढाच मजकूर द्या आणि एक काम सांगा. तोच मजकूर दुसऱ्या ब्रँचच्या मित्रालाही द्या. बहुतेक वेळा दोघं एकाच जागी अडखळतील, कारण तुमच्या डोक्यात असलेली गोष्ट कागदावर आलेलीच नसते.

एजंटमुळे कोड लिहायचा वेग वाढलाय. पण तो काय करतोय हे तपासायची जबाबदारी तुमचीच आहे, कारण व्हायवाला एजंट येणार नाही, तुम्हीच जाणार. स्पष्ट लिहिलेली हेल्प त्या तपासणीचा आधार असते. शिवाय इंग्रजी मॅन्युअलला बिचकणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोरालाही तीच चार साधी वाक्यं तारून नेतात.

आज लॅबमध्ये बसलात की एवढं करा: 'हेल्प प्रिंट' टाका आणि पहिली ओळ वाचा. मग ती तुम्ही कशी लिहिली असती, ते वहीत लिहा. एकाच ओळीत बसवायची आहे, बरं का!