चढाईपटूच्या जागा तीन, दावेदार सहा-सात. कबड्डी शिबिराआधी संघात नेमकं काय पाहतात?

मांडवगण फराटा : कुमार गटाच्या निवड चाचणीचे दिवस जवळ आले की शिरूर-दौंडच्या भीमाकाठच्या गावांत एकच चर्चा असते. यंदा पहिली चढाई कोणाची? प्रत्येक मंडळात सहा-सात पोरं चढाईपटू, आणि पकड करायला मात्र कोणी तयार नाही. नंतर यादी लागते, ज्याने सगळ्यात जास्त गुण आणले त्याचंच नाव त्यात नसतं, आणि पारावर वशिल्याची चर्चा सुरू होते. वशिला कुठेच चालत नाही असं कोणी म्हणणार नाही. पण बऱ्याचदा कारण खेळातच असतं, ते समजून घ्यायला हवं.

मैदानात सात जण उतरतात. बहुतेक प्रशिक्षक त्यात दोन किंवा तीन चढाईपटू ठेवतात, बाकी कोपरारक्षक आणि मध्यरक्षक. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की मगच आपला एक गडी आत येतो. म्हणजे पहिला चढाईपटू कितीही भारी असला तरी चाळीस मिनिटांतला बराच वेळ तो बाकावर असू शकतो. तेवढ्या वेळात त्याला परत आत कोण आणणार, हा प्रशिक्षकाचा खरा प्रश्न असतो. निवड दुसऱ्या आणि तिसऱ्या चढाईपटूवर अडते ती इथेच.

दुसरी गोष्ट बोनसची. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. गावच्या स्पर्धेत एखादं पोरगं बोनसवरच आठ-दहा गुण काढतं, टाळ्या पडतात. पण समोर पाच जण उरले की त्याचा पाय चालत नाही. तिथे हाताने गडी टिपणारा लागतो. त्यात समोर तीन किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर त्यांना एक गुण जादा, म्हणजे अव्वल पकड. अशा वेळी घाई न करता तीस सेकंद शांतपणे काढून परत येणाराही कामाचाच. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी मात्र निर्णायक, गुण आणा नाहीतर बाद व्हा. ती चढाई कोणाच्या हातात द्यायची, हे शिबिरातच ठरतं.

पुणेरी पलटणचं उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात कर्णधार होता श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. सोबत मोहित गोयत, पंकज मोहिते आणि नाशिकचा आकाश शिंदे. साखळीतल्या 22 सामन्यांत हा संघ फक्त दोन हरला. 1 मार्च 2024 ला हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं, आणि त्या दिवशी सामना फिरवला तो कर्णधाराने नाही, पंकज मोहितेने. एका चढाईत चार गुण आणले.

पुढच्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला, तो बाहेर बसला आणि गतविजेता संघ प्लेऑफलाही पोहोचला नाही. बाराव्या हंगामात अस्लम परतला, आदित्य शिंदेसारखा तरुण पुढे आला, संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला. 31 ऑक्टोबर 2025 ला दबंग दिल्लीकडून 31-28 असा थोडक्यात हरला. अस्लम आणि आकाश हे दोघं 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही होते. एका संघात जागेसाठी भांडणारे दोघं देशाकडून एकत्र खेळले.

गुडघ्याचं म्हणाल तर गावाकडच्या पोरांनी जास्त सांभाळायला हवं. सराव मातीवर आणि चाचणी मॅटवर, असं झालं की घोटाळा होतो. मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट धरून ठेवतो. वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. तालुक्यात जिथे मॅट असेल तिथे चाचणीआधी आठ-दहा दिवस तरी खेळून घ्यावं.

वजनाचा खेळ तर त्याहून वाईट. कुमार गटाला वयाची अट 20 वर्षं आणि वजन 70 किलो, किशोर गटाला 16 वर्षं आणि 55 किलो. तीन-चार किलो जास्त भरतंय म्हणून आदल्या दिवशी पाणी सोडणारी, उन्हात जर्किन घालून पळणारी पोरं दरवर्षी दिसतात. वजनात बसतात, पण दुसऱ्या चढाईला दम तुटतो आणि निवड समितीला तेवढंच दिसतं. उसाच्या बांधावर राबणाऱ्या पोराचं वजन दोन महिन्यांत नीट उतरतं, एका रात्रीत नाही.

घरच्यांच्या मनात नोकरी असते, आणि त्यात गैर काही नाही. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. मात्र नुसतं खेळल्याचं प्रमाणपत्र पुरत नाही. कोणत्या पदाला कोणत्या पातळीची स्पर्धा आणि कितवा क्रमांक लागतो ते ठरलेलं आहे, आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. विकत मिळणाऱ्या कागदाच्या नादी लागून गुन्हा अंगावर घेतलेली पोरं राज्यात आहेत. शंका असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारावं.

चाचणीला जाताना जन्मदाखला, आधार कार्ड, दहावीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा आणि तिन्हीवरची जन्मतारीख एकच आहे का ते आजच पाहा. फरक असेल तर दुरुस्तीला वेळ जातो. आणि आपलं मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न आहे ना, हेही मंडळाच्या कारभाऱ्यांना विचारून घ्या.