‘झिरो फी’च्या पाटीमागे काय? आखातातून घरी पैसे पाठवताना हा हिशेब करा

पगाराच्या आठवड्यात दुबई, शारजा, दम्माम किंवा दोहामधल्या कुठल्याही एक्सचेंजबाहेरची रांग बघा. फी किती, हे रांगेतल्या प्रत्येकाला पाठ असते. “तिकडे वीस दिरहम घेतात, इथे फुकट आहे,” असे सांगणारेही भेटतात. पण आपल्या दिरहमला भाव किती मिळाला आणि बाजारात तो किती होता, हे विचारा, बहुतेकांकडे उत्तर नसते. खरा खर्च तिथेच लपलेला असतो.

म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोलीकडच्या कितीतरी घरांचा किराणा, मुलांची फी, वडीलधाऱ्यांची औषधे याच पैशावर चालतात. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशांपैकी सुमारे २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रात आले, केरळपेक्षाही थोडे जास्त. त्यामुळे दर महिन्याला शे-पाचशे रुपये कुठे जातात, हे समजून घेतलेले बरे.

पैसे पाठवणारी कंपनी दोन ठिकाणी कमावते. एक म्हणजे फी. ती पावतीवर लिहिलेली असते आणि तिच्यावर तिथला व्हॅट लागतो, अमिरातीत ५ टक्के, सौदीत १५ टक्के. हा व्हॅट फक्त फीवर असतो, पाठवलेल्या रकमेवर नाही. दुसरी कमाई भावातली. बाजारात दिरहम ज्या भावाला आहे त्यापेक्षा काही पैसे कमी भाव तुम्हाला दिला जातो आणि मधला फरक कंपनीकडे राहतो. हा फरक पावतीवर वेगळा दाखवला जातच असे नाही. ‘झिरो फी’ लिहिणारी कंपनी धर्मादाय संस्था नसते, ती याच फरकावर चालते.

मग बाजारातला भाव कळणार कसा? इथे आखातातल्या लोकांची एक सोय आहे. तिथली बहुतेक चलने अमेरिकन डॉलरला बांधलेली आहेत. एका डॉलरचे ३.६७२५ दिरहम, ३.७५ सौदी रियाल, ३.६४ कतारी रियाल, हे आकडे वर्षानुवर्षे तेच आहेत. हलतो तो फक्त रुपया. म्हणून त्या दिवशी डॉलर किती रुपयांना आहे ते बघायचे आणि या आकड्याने भागायचे. समजा डॉलर ८८ रुपये आहे. ८८ भागिले ३.६७२५ म्हणजे दिरहम २३.९६ रुपये. ८८ भागिले ३.७५ म्हणजे सौदी रियाल साधारण २३.४७. कुवेतचा दिनार मात्र एकट्या डॉलरला नाही, अनेक चलनांच्या गटाला बांधलेला आहे, तिथे हा भागाकार चालत नाही.

(आपल्या आजोबांना ही कटकट नव्हती. त्या काळी आखातात बऱ्याच ठिकाणी भारतीय रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तोपर्यंत रुपया वापरणाऱ्या अमिरातींनीही तो सोडला.)

आता हिशेब. वरचाच भाव धरू, २३.९६. पहिली कंपनी म्हणते फी शून्य, भाव २३.५०. दुसरी म्हणते फी २० दिरहम, वर व्हॅट १ दिरहम, पण भाव २३.८५. कुठे जावे?

खिशात ५०० दिरहम असतील तर पहिल्या कंपनीतून घरी ११,७५० रुपये पोचतील. दुसरीकडे २१ दिरहम आधीच गेले, उरलेल्या ४७९ चे ११,४२४ रुपये. पहिली बरी, सव्वातीनशे रुपयांनी. १,५०० दिरहमला दोघी जवळपास सारख्याच पडतात, ३५,२५० आणि ३५,२७४. पण ५,००० दिरहम पाठवायचे असतील तर चित्र उलटे होते. ‘फुकट’ कंपनी १,१७,५०० रुपये देते आणि फी घेणारी १,१८,७४९. म्हणजे फुकटवाल्याकडे जाऊन साडेबाराशे रुपये कमी मिळाले. बाजारभावाने त्या ५,००० दिरहमचे १,१९,८०० होतात. झिरो फीची खरी किंमत २,३०० रुपये झाली!

फी रक्कम बघत नाही, भावातला फरक मात्र रकमेबरोबर वाढतो. म्हणून काउंटरवर किंवा ॲपवर एकच प्रश्न विचारायचा: “माझ्या खिशातून सगळे मिळून इतके दिरहम जातील, तर घरच्या खात्यात किती रुपये पडतील?” दोन-तीन ठिकाणचे हे उत्तर ताडून बघा. थोडे थोडे करून महिन्यातून चार वेळा पाठवणाऱ्याला चार वेळा फी पडते, हेही लक्षात ठेवा.

काही ठिकाणी बोर्डावर भाव उलटा लिहितात, हजार रुपयांना किती दिरहम. तिथे लहान आकडा चांगला. ४१.९३ हा ४२.५५ पेक्षा आपल्या फायद्याचा. नवीन गेलेले भाऊ इथे हमखास गोंधळतात.

भावातला हा फरक म्हणजे व्याज का, असे विचारणारे असतात. दोन वेगळ्या चलनांची ठरलेल्या भावाने अदलाबदल जायज आहे, अट ही की व्यवहार रोखीचा, त्याच बैठकीतला हवा. उधारीवर चलन घेण्याला मात्र उलेमा मनाई करतात.

रुपया अजून पडेल म्हणून पैसे धरून बसणारेही पुष्कळ. १,५०० दिरहमवर दहा पैसे वाढले तर दीडशे रुपये मिळतात. तेवढ्यासाठी घरी दुकानदाराची उधारी वाढवण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही. शनिवार-रविवार मात्र टाळता आला तर टाळावा. रुपयाचा बाजार त्या दिवशी बंद असतो, सोमवारी भाव हलला तर नुकसान नको म्हणून कंपन्या सहसा हात राखून भाव देतात. सौदीत शुक्रवारी सुट्टी असली तरी भारतातला बाजार चालू असतो.

आता हुंडी. भाव जास्त, फी नाही, माणूस ओळखीचा, तासाभरात पैसे घरी. हवाला हा शब्द फिक्हमध्ये कर्ज एकाकडून दुसऱ्याकडे वळवण्याच्या जायज व्यवहारासाठी येतो, म्हणून काहींना त्यात वावगे वाटत नाही. पण भारतात १९९९ च्या फेमा कायद्याने हे बेकायदा आहे आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. त्याहून मोठा धोका घरच्यांना आहे. हुंडीवाला तुमच्या अम्मीच्या खात्यात तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून पैसे टाकतो. ते ऑनलाइन फसवणुकीतले निघाले तर दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांच्या पत्रावर तिचे खाते गोठते. त्यातले तिचे स्वतःचे पैसेही अडकतात आणि पैसे मुलाने पाठवले, हे दाखवायला एकही कागद नसतो. पुढे घर-जमीन घेताना पैसा कुठून आला हे विचारले जाते, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो.

कायदेशीर मार्गात आणखी एक फरक आहे. एक्सचेंजमधून सहसा रुपयेच येतात. बँकेने थेट डॉलर पाठवले तर मधली बँक आपले शुल्क कापू शकते आणि इथली बँक तिच्या भावाने रुपये करते, वर जीएसटी घेते. एक लाखाच्या बदलाला हा जीएसटी १८० रुपये होतो. घरच्यांना रोख उचलायची असेल तर वेस्टर्न युनियनसारख्या सेवेतून एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण हातात रोख ५० हजार रुपयांपर्यंतच मिळते, त्यावरचे खात्यात किंवा चेकने.

स्वतःच्या बचतीसाठी एनआरई खाते उघडा. त्यातली रक्कम पुन्हा परदेशात नेता येते. गावातले जुने साधे बचत खाते परदेशी गेल्यावर तसेच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. आणि घरचे खाते पूर्वी देना किंवा विजया बँकेत असेल, तर २०१९ च्या विलीनीकरणानंतर ते बँक ऑफ बडोदात गेले आणि आयएफएससी कोडही बदलला. पुढचे पैसे पाठवण्याआधी नव्या पासबुकाचा फोटो मागवून नाव, खाते क्रमांक आणि कोड ॲपमध्ये ताडून घ्या.